राखणदाराची राखण

परभणी जिल्ह्यात निव्वळ हौस म्हणून कुत्रं-मांजर पाळणारी घरं थोडी. बहुतेकांकडे ही जनावरं कामाला असतात. आखाड्यावरचं, म्हणजे शेतातल्या वस्तीवरचं, कुत्रं रात्री रानडुकरं आणि रोही हुसकावतं, गोठ्याकडे परकं माणूस वळलं की घरच्यांच्या आधी त्याला कळतं. घरातली मांजर सोयाबीन-तुरीच्या पोत्यांभोवती उंदरांवर लक्ष ठेवते. अलीकडे परभणी शहरात आणि सेलू, मानवत, गंगाखेडसारख्या गावांतही लॅब्राडोर, पग, पर्शियन मांजरी दिसू लागल्या आहेत. पण गावठी असो की विकत आणलेलं, या जनावरांच्या जिवावर जे बेततं ते पुष्कळदा आपल्याच घरात ठेवलेलं असतं: फडताळातली तापाची गोळी, गोठ्यातलं गोचिडाचं औषध, आखाड्यावरचा कीटकनाशकाचा डबा, पोत्यांमागे पेरलेलं उंदराचं विष.

जिल्हा शेतीचा, त्यामुळे इथली पशुवैद्यक सेवाही गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्याभोवती उभी राहिली. परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ सालचं. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली चालतं आणि त्याच्या चिकित्सालयात कुत्र्या-मांजरांवरही उपचार होतात. तालुक्याला सरकारी दवाखाने आहेत, फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. पण दवाखाना गाठायच्या आधी घरातच बरेच उपाय होऊन गेलेले असतात. बैलाला जे लागू पडतं, माणसाला जे चालतं, ते कुत्र्याला आणि मांजरालाही चालेल, असा सरळ हिशेब मांडला जातो. तो नेमका कुठे चुकतो हे कळलं, तर रोजच्या काळजीतलं निम्मं काम झालं म्हणायचं.

माणसाची गोळी

मांजर मलूल झाली, अंग गरम लागलं, की कुणीतरी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात कुस्करून देतं. लहान मुलाला देतो तशीच, प्रेमाने. पण तीन-साडेतीन किलोच्या मांजरीला पाचशे मिलिग्रॅमची अर्धी गोळीसुद्धा मारू शकते.

कारण यकृतात आहे. माणसाचं यकृत हे औषध एका साखरेसारख्या रेणूला जोडून निरुपद्रवी करतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. ही जोडणी करणारं विकर मांजरात जवळपास नाहीच. मांजर पिढ्यान् पिढ्या केवळ मांस खाऊन जगणारं जनावर. वनस्पतींतल्या नाना विषारी द्रव्यांशी तिचा संबंध आला नाही, म्हणून ते विकर बनवणारं जनुकच निकामी होऊन गेलं. मग पॅरासिटामॉलचं रूपांतर भलत्याच घातक द्रव्यात होतं आणि ते रक्तातल्या लाल पेशींवर तुटून पडतं. रक्त प्राणवायू वाहीनासं होतं. हिरड्या गुलाबीच्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, मांजर धापा टाकू लागते. काही तासांत दवाखाना गाठला तर उतारा देता येतो, दुसऱ्या दिवसावर ढकललं तर बहुधा उशीर झालेला असतो.

कुत्र्याच्या बाबतीत अशीच चूक आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकची होते. लंगडणाऱ्या कुत्र्याला ‘दुखण्याची गोळी’ म्हणून ती दिली जाते. त्याने जठराला व्रण पडतात, काळी शी होते आणि मूत्रपिंडं बिघडतात. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत, तीही वजन करूनच दिली जातात. म्हणून नियम एकच पाळावा: घरातल्या माणसांच्या डब्यातली कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जनावराच्या तोंडात जाऊ नये.

बैलाचं औषध

गुरांच्या गोचिडांसाठी कृषी सेवा केंद्रात किंवा मेडिकलवर सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ अशी औषधं सहज मिळतात. बैल धुऊन झाल्यावर बादलीत उरलेलं पाणी कुत्र्याच्या अंगावर ओतलं जातं, आणि कुत्र्यावरून उरलं तर मांजरीच्या. मांजर अंगावरचं सगळं चाटून साफ करते, त्यामुळे कातडीवर टाकलेलं औषध थेट पोटात जातं. सायपरमेथ्रिनच्या गटातल्या, त्यातही परमेथ्रिनसारख्या औषधांचा निचरा करायला तिचं यकृत कमी पडतं. अंग थरथरतं, कान आणि चेहरा फडफडतो, पुढे झटके येतात. अमिट्राझ तर मांजरीच्या वाट्याला जाऊच नये. लहान पिल्लांतही त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, गुंगी येते.

आयव्हरमेक्टिनच्या सुईचं गणित आणखी सोपं आणि आणखी फसवं आहे. गुरांसाठीचं एक टक्क्याचं द्रावण पन्नास किलो वजनाला एक मिलिलिटर या प्रमाणात टोचतात. पाच किलोच्या पिल्लाला कुणी ‘थोडंसंच’ म्हणून एक मिलिलिटर दिलं, तर ते गुरांच्या प्रमाणाच्या दहापट झालं. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत आणि काही जर्मन शेफर्डमध्ये मेंदूकडे जाणारं औषध अडवणारी व्यवस्थाच जन्मतः सदोष असते. त्यांना याहून कितीतरी कमी मात्राही बेशुद्ध करू शकते.

गोचीड भिंतीत राहतो

हे सगळे उद्योग ज्याच्यासाठी होतात तो गोचीडही गुरांचा वेगळा आणि कुत्र्याचा वेगळा. गुरांवरचा नेहमीचा गोचीड लहानाचा मोठा होईपर्यंत साधारण तीन आठवडे एकाच जनावरावर मुक्काम करतो. त्यामुळे जनावर धुतलं की त्यातले बरेच सापडतात. कुत्र्याचा तपकिरी गोचीड तसा नाही. अंड्यातून निघालेलं बारीक पिल्लू कुत्र्याचं रक्त पिऊन खाली पडतं आणि फटीत लपून कात टाकतं. पुन्हा चढतं, पुन्हा पितं, पुन्हा पडतं. तिसऱ्या खेपेला पूर्ण वाढलेली मादी रक्ताने फुगून भिंतीवर वर चढते आणि एखाद्या भेगेत हजारो अंडी घालते. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत, दगडमातीच्या भिंतींत, आखाड्यावरच्या पत्र्याखालच्या लाकडांत अशा भेगांना तोटा नाही. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याहून किती तरी गोचीड घरात दडलेले असतात आणि उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरतात.

म्हणून कुत्र्याला एकदा धुऊन काही साधत नाही. दोन आघाड्या एकदम उघडाव्या लागतात. कुत्र्यावर डॉक्टरांनी वजनानुसार दिलेली गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध आणि त्याच आठवड्यात घराच्या भेगा बुजवणं, बसायचं पोतं उन्हात टाकणं किंवा जाळणं, भिंतींना चुना मारणं. फवारणी करायची तर जनावरं आणि पोरंबाळं बाहेर काढून. हे महिना-दीड महिन्याने पुन्हा करायचं, कारण अंडी पहिल्या वेळी वाचलेली असतात. अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. नखांवर चिरडू नये, काडीने जाळू नये.

एवढी खटपट रक्त पिण्यापुरती नाही. या गोचिडातून एर्लिकिया नावाचे जिवाणू आणि बबेसिया नावाचे परजीवी कुत्र्याच्या रक्तात जातात. कुत्रं खाणं सोडतं, ताप चढतो-उतरतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. एर्लिकियात नाकातून रक्त येऊ शकतं, बबेसियात लघवी गडद तांबडी होते. ‘उष्णता झाली’ म्हणून ताक पाजत बसण्यात आठवडा जातो आणि तेवढ्यात रक्त निम्म्यावर येतं. एर्लिकिया वेळेत कळला तर डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा उपचार असतो. दोन दिवसांत कुत्रं उड्या मारायला लागलं तरी तो मध्येच सोडायचा नाही.

उन्हाळा आणि पावसाळा

मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा माणसाला घामाचा आधार असतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या गादीला. शरीर थंड ठेवायला त्याच्याकडे जीभ आणि श्वास एवढंच साधन. धापा टाकताना तोंडातलं पाणी उडतं आणि तेवढी उष्णता जाते. पत्र्याच्या बंद खोलीत, उभ्या गाडीत किंवा आखूड साखळीने उन्हात बांधलेल्या कुत्र्याला हे साधनही पुरत नाही. चपट्या नाकाच्या पगला तर श्वासच अपुरा. त्याला दुपारी फिरवणं म्हणजे जिवाशी खेळ.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट. ते १०५-१०६ च्या पुढे गेलं की आतडी, मूत्रपिंडं आणि मेंदू यांना इजा होऊ लागते. लाल पडलेली जीभ, चिकट लाळ, झोकांडी, उलटी या खुणा दिसल्या की सावलीत न्यावं, माठातलं किंवा हौदातलं पाणी पोटावर, मांड्यांमध्ये, पंजांवर ओतत राहावं आणि पंखा लावावा. बर्फ शोधायला माणूस पाठवून वेळ दवडू नये. ओला टॉवेल नुसता पांघरून ठेवला तर थोड्या वेळाने तोच उष्णता कोंडून धरतो. तापमान १०३ वर आलं की पाणी थांबवून दवाखाना गाठावा, कारण उठून चालू लागलेल्या कुत्र्याचीही मूत्रपिंडं दुसऱ्या दिवशी बंद पडू शकतात. मांजर सहसा तोंड उघडून धापा टाकत नाही. ती तसं करायला लागली तर थांबायला वेळ नाही असं समजावं. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल, तर तो रस्ता पंजांनाही भाजतो. फिरवणं सकाळी सहाच्या आत किंवा रात्री.

पाऊस पडला की त्रास बदलतो. साचलेल्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळते आणि लेप्टोस्पायरा हे जिवाणू कुत्र्यात आणि माणसातही जातात. भांडणात झालेल्या बारीक जखमेवर माशी अंडी घालते आणि एका-दोन दिवसांत त्यात अळ्या पडतात. त्यावर रॉकेल किंवा फिनेल ओतलं की अळ्या बाहेर येतात खऱ्या, पण आतलं मांसही भाजतं आणि जखम आणखी खोल जाते. केस कातरून, मिठाच्या पाण्याने धुऊन, दिसतील तेवढ्या अळ्या चिमट्याने काढून डॉक्टरांकडे न्यावं. मांजरीने चाटलेलं फिनेल तर वेगळंच विष ठरतं.

पावसाळ्यात रानात साप निघतात आणि कुत्रं आधी नाक पुढे करतं, म्हणून दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. घोणस चावली तर झपाट्याने सूज आणि रक्तस्राव, मण्यार किंवा नाग चावला तर पाय लुळे पडणं आणि श्वास अडकणं. दोरी आवळणं, ब्लेडने चिरणं याने फायदा होत नाही. कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी माणसांची प्रतिविषाची लसच कुत्र्यालाही देतात. ती लहान जनावराला कमी लागत नाही, कारण मात्रा शरीराच्या वजनावर नव्हे तर आत गेलेल्या विषावर ठरते.

फिनेलने न मरणारा विषाणू

नवं पिल्लू आणल्यावर आठवडाभरात उलट्या, घाणेरड्या वासाची रक्ताळ हगवण, आणि तीन-चार दिवसांत खेळ संपतो. पार्व्होने गेलेली पिल्लं गावोगाव आहेत. हा रोग जगाला माहीत झाला तो १९७८ च्या सुमारास. मांजरांतल्या पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूशी त्याचं जवळचं नातं आहे. दोन-तीन वर्षांत तो जगभर पसरला, कारण हा विषाणू मातीत आणि फरशीच्या भेगांत महिनोन्‌महिने टिकतो. फिनेल, डेटॉल, साबण यांना तो दाद देत नाही. कपडे पांढरे करायचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, तीस भाग पाण्यात एक भाग घालून दहा मिनिटं ओलं ठेवलं तर तो मरतो, तेही जागा आधी धुऊन स्वच्छ केली असेल तरच. ज्या अंगणात पिल्लू गेलं तिथे लगेच दुसरं आणू नये ते यासाठी.

‘लस दिली होती, तरी गेलं’ ही तक्रारही पुष्कळदा ऐकू येते. पहिल्या दुधातून आईची प्रतिकारद्रव्यं पिल्लात येतात आणि काही आठवडे त्याला सांभाळतात. पण तीच द्रव्यं लसीलाही निकामी करतात. ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस देतात. एक डोस देऊन थांबलेलं पिल्लू म्हणजे कागदावर लस झालेलं आणि प्रत्यक्षात उघडं पडलेलं पिल्लू. मांजरीच्या पिल्लांची तीन रोगांवरची एकत्र लसही याच हिशेबाने चालते.

शेतातलं आणि पोत्यांमागचं विष

फोरेट हे दाणेदार कीटकनाशक, ज्याला शेतकरी थिमेट म्हणतो, केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार २०२० च्या अखेरीस बंद झालं. जुना साठा आणि त्याच्या भावंडांची फवारणीची औषधं मात्र आखाड्यांवर असतात. रानडुकरांसाठी विष लावून टाकलेलं आमिष आखाड्याचं कुत्रंच आधी हुंगतं. या गटाच्या विषाने लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फुरफुरतात. त्यावर ॲट्रोपिन हा उतारा गावच्या दवाखान्यातही असतो. अंगावर सांडलं असेल तर हातमोजे घालून साबणाने धुऊनच न्यावं, नाहीतर विष कातडीतून आत जातच राहतं.

उंदराच्या विषात दोन मोठे प्रकार आहेत आणि दोघांचं वागणं अगदी उलट. झिंक फॉस्फाइड ही राखाडी-काळी भुकटी जठरातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन वायू करते आणि काही तासांत जीव घेते. इथे घाईने दूध-भाकरी खाऊ घालणं घातक, कारण अन्न दिसलं की जठर आणखी आम्ल सोडतं आणि वायू वाढतो. अशा कुत्र्याला उलटी झाली तर माणसांनीही तोंडाजवळ वाकू नये, खिडक्या-दारं उघडावीत. दुसरा प्रकार ब्रोमाडायोलोनच्या वड्यांचा. त्या खाल्लेलं जनावर तीन-चार दिवस ठणठणीत दिसतं आणि मग हिरड्यांतून, नाकातून, कधी पोटातल्या पोटात रक्त वाहू लागतं. मेलेला उंदीर खाणाऱ्या मांजरीलाही ते बाधू शकतं. यावर के-१ जीवनसत्त्वाचा कित्येक आठवड्यांचा उपचार आहे, पण तो वेळेवर सुरू व्हायला ‘वडी खाल्ली’ हे पाहिलेल्या माणसाने त्याच दिवशी बोलायला हवं.

उलटी व्हावी म्हणून मीठपाणी पाजण्याची सवय सोडलेली बरी. जास्त मीठ स्वतःच विष होतं, आणि अर्धशुद्ध जनावराच्या तोंडात ओतलेलं तेल किंवा ताक फुप्फुसात उतरतं. विषाचं पाकीट किंवा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जावं. डॉक्टरांना त्यावरचं नाव वाचता आलं तर अर्धा तास वाचतो.

ताटात काय

ज्वारीच्या भाकरीवर कुत्रं जगतं हे खरं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘परभणी मोती’ ज्वारी या भागात घरोघरी खाल्ली जाते, आणि तिच्या भाकरीत वाईट काही नाही. पण नुसत्या भाकरीने पोट भरतं, पोषण होत नाही. तिच्यासोबत अंडं, शिजवलेलं चिकन, डाळ, थोडी भाजी हवी. कांदा-लसणाचा रस्सा मात्र बाजूला ठेवावा, कारण दोन्ही लाल पेशी फोडतात आणि मांजर त्याला जास्त बळी पडते. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडांना मारक. शिजवलेलं हाड टोकदार फुटून आतड्यात रुततं. आंब्याच्या मोसमात चोखून टाकलेली कोय गिळली की आतडं बंद होतं आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

मांजरीला दूध-भाकरी हा तर घरोघरचा शिरस्ता. पुष्कळ मोठ्या मांजरींना दूध पचत नाही, हगवण लागते. त्याहून मोठी उणीव टॉरिनची. हे द्रव्य मांसातच असतं आणि मांजरीचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा जातो आणि हृदय सैल पडतं. १९८७ साली पॉल पायन या अमेरिकी पशुवैद्यकाने दाखवून दिलं की अशा खचलेल्या हृदयाच्या मांजरी टॉरिन दिल्यावर सुधारतात. टॉरिन पाण्यात विरघळतं, म्हणून मांजरीसाठी मासा किंवा चिकन बिनमिठाचं उकडावं आणि उकडलेलं पाणीही त्यातच कालवावं.

चिकन कच्चं देऊ नये याला परभणीकरांकडे स्वतःचं कारण आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं. २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत हाच रोग आढळला. कोंबड्या मरत असतील तिथे मांजर मोकळी सोडायची नाही आणि मेलेलं कोंबडं उकिरड्यावर फेकायचं नाही. बोकड कापल्यावर कुत्र्यांपुढे टाकलेल्या कच्च्या यकृत-फुप्फुसातून एक बारीक पट्टकृमी कुत्र्यात जातो आणि त्याची अंडी माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी करतात. पिल्लांना दर पंधरा दिवसांनी, मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यायचं ते कुत्र्याइतकंच घरातल्या मुलांसाठी.

रेबीज: इथे दुसरी संधी नाही

बाकी सगळ्यात उशीर झाला तरी काही ना काही करता येतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर करता येण्यासारखं उरत नाही, ना कुत्र्यात ना माणसात. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातले आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की तोंडाला फेस आलेलं, धावत सुटलेलं जनावर डोळ्यांपुढे येतं. पण रेबीजचं दुसरं रूप शांत असतं. कुत्रं कोपऱ्यात बसतं, जबडा लोंबतो, गिळता येत नाही. ‘घशात हाड अडकलं’ म्हणून मालक तोंडात हात घालतो. असा हात कधीही घालू नये. गाय-म्हैस लाळ गाळत असेल, आवाज बसला असेल तरीही.

लस कुत्र्याला आणि मांजरीला तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दुसरा डोस आणि पुढे दरवर्षी. घराबाहेर न पडणाऱ्या मांजरीलाही ती हवी, कारण घरात शिरणारं जनावर तिला विचारून येत नाही.

चावा बसला, नखाचा ओरखडा उठला किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली तर पहिला उपाय नळाखाली आहे: वाहत्या पाण्याने आणि साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुणं. विषाणूला चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. हळद, चुना, मिरचीपूड, तेल यांनी जखम झाकली जाते आणि विषाणू आतच राहतो. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस. कातडीत द्यायची असेल तर शून्य, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचून घ्यावं लागतं, कारण लसीने प्रतिकारशक्ती तयार व्हायला दिवस लागतात आणि तोवर कुणीतरी विषाणूला अडवायला हवं. पोटात चौदा सुया टोचतात ही भीती अजून गावात ऐकू येते. मेंदूच्या पेशींपासून केलेली ती जुनी लस देशात २००५ पासून वापरात नाही. आता सुई दंडात आणि तीही बारीक.

चावलेलं कुत्रं मारून टाकू नये. दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावं, कारण लाळेत विषाणू उतरलेलं कुत्रं एवढ्या काळात आजारी पडतंच. लस मात्र हे दहा दिवस संपायची वाट न पाहता सुरू करायची.

पिल्लं थांबवणं हीसुद्धा निगा

मोकळ्या कुत्रीच्या योनीतून थेंब थेंब रक्त महिनोन्‌महिने येत असेल तर तो माज नसून बहुधा गाठ असते. ही गाठ जगावेगळी आहे: कर्करोगाच्या पेशीच समागमात एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाऊन तिथे वाढतात. काही हजार वर्षांपूर्वी आशियातल्या एका कुत्र्यात हा कर्करोग सुरू झाला आणि त्याच पेशींचा वंश आजही चालू आहे. आठवड्याला एक याप्रमाणे काही व्हिन्क्रिस्टिनच्या सुयांनी बहुतेक कुत्री बरी होतात. नसबंदी केली की हा धोका मागे पडतो, आणि माजानंतर महिन्या-दोन महिन्यांनी गर्भाशयात पू भरून जीव घेणाऱ्या आजाराचाही. गावातल्या मोकाट कुत्र्यांसाठी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी नसबंदी आणि रेबीजची लस ही जोडी स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरवली आहे. ग्रामसभेत हा विषय मांडायला कुणाची परवानगी लागत नाही.

दोन मिनिटं रोज, एक तारीख दरवर्षी

रोजच्या काळजीला औषधांची पेटी लागत नाही. भाकरी टाकताना ओठ वर करून हिरड्या बघाव्यात. त्या गुलाबी हव्यात आणि बोटाने दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत परत भरली पाहिजे. कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवावा, गोचीड पहिल्यांदा तिथेच सापडतो. ताटलीत काही उरलं का, शी कशी होती, मांजरीने लघवी केली का हे लक्षात ठेवावं. बोका वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल तर मूत्रमार्ग तुंबलेला असतो. त्याला एक दिवसही थांबवता येत नाही.

वार्षिक लस विसरण्याचं कारण बहुधा तारीख हे असतं. पोळ्याला सगळा गाव बैलांना धुतो, सजवतो, त्यांची शिंगं रंगवतो. २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिवसही पोळ्यानंतर थोड्याच आठवड्यांत येतो. पोळ्याच्या आठवड्यात कुत्र्याची-मांजरीची रेबीजची लस आणि त्या तीन महिन्यांचं जंताचं औषध करून घ्यावं आणि पुढच्या पोळ्याची तारीख गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावी. त्याच दिवशी आखाड्यावरच्या विषाच्या डब्यांना कुलूप लागलं आणि पोत्यांमागच्या वड्या मोजून ठेवल्या, तर वर्षभराच्या निगेतलं बहुतेक काम एका दिवसात उरकतं.